रायफलीचा कल आणि ओळंब्याची साक्ष

रायफलीवर बसवलेल्या दुर्बिणीतून पाहिले असता काचेत एकमेकींना छेदणाऱ्या दोन बारीक रेषा दिसतात. त्यांच्या फुलीला रेटिकल म्हणतात, आणि दूर अंतरावरच्या नेमबाजीचा सारा हिशेब या गृहीतकावर उभा असतो की तिच्यातील उभी रेषा गोळी सुटण्याच्या क्षणी खरोखरच उभी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या दिशेशी समांतर आहे. रायफल किंवा तिच्यावरील दुर्बीण डावीकडे वा उजवीकडे झुकली की हे गृहीतक मोडते. या झुकण्याला नेमबाज कॅन्ट म्हणतात. पुढील विवेचनात त्याला कल म्हटले आहे. कल दोन तऱ्हांचा असतो. एक प्रत्यक्ष असतो, तो ओळंब्याने किंवा पाणपातळीने मोजता येतो. दुसरा केवळ भासतो, म्हणजे रेषा सरळ असूनही पाहणाऱ्याला ती तिरकी वाटते. नेमबाज हा भासणारा कल खरा मानून रायफल ‘सरळ’ करू पाहतो आणि त्या भरात खरा कल निर्माण करून बसतो, हा या विषयातील सर्वांत सामान्य आणि सर्वांत उशिरा लक्षात येणारा दोष आहे.

कलामुळे गोळी का भरकटते हे समजण्यासाठी प्रथम हे ध्यानात घ्यावे लागते की नळीतून सुटलेली गोळी पहिल्या क्षणापासून खाली पडू लागते, आणि ही पड भरून काढण्यासाठी दृष्टिरेषेच्या मानाने नळीचे तोंड किंचित वर रोखलेले असते. रायफल उभ्या प्रतलात असेल तर हे वर रोखणे आणि गोळीचे पडणे एकाच रेषेत, परस्परविरुद्ध दिशांना घडते व दोन्ही एकमेकांना फेडतात. रायफल उजवीकडे कलली की नळीला दिलेली चढ सरळ वर न राहता वर-उजवीकडे वळते. गुरुत्वाकर्षण मात्र आपली दिशा बदलत नाही. परिणामी गोळी उजवीकडे आणि जराशी खाली लागते, तर डावीकडच्या कलाने डावीकडे आणि खाली लागते. बाजूला होणारी ही चूक मोजण्याचा नियम सोपा आहे: त्या अंतरावर गोळीची जितकी पड असेल तिच्या साधारण ५७व्या भागाइतकी चूक कलाच्या प्रत्येक अंशामागे होते. खाली जाण्याची चूक लहान कोनांत इतकी थोडी असते की ती सोडून दिली तरी चालते.

या नियमाची प्रचीती ऑलिंपिकच्या ज्या प्रकारात महाराष्ट्राला पदक मिळाले त्यावरून घेता येते. राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळे यांनी १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात ४५१.४ गुणांसह कांस्यपदक पटकावले. १९५२ साली हेलसिंकी येथे खाशाबा जाधव यांनी कुस्तीत मिळवलेल्या कांस्यपदकानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूचे हे पहिलेच वैयक्तिक ऑलिंपिक पदक होते. या प्रकारात .२२ बोअरची गोळी सेकंदाला सुमारे ३३० मीटर वेगाने सुटते आणि ५० मीटरचे अंतर सेकंदाच्या साधारण सहाव्या हिश्शात कापते. तेवढ्या वेळात ती सुमारे साडेबारा सेंटिमीटर खाली येते. पाच अंशांचा अनपेक्षित कल आला तर ती जवळपास ११ मिलिमीटर बाजूला सरकते. लक्ष्यावरील दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास १०.४ मिलिमीटर, म्हणजे केंद्रापासून कडेपर्यंतचे अंतर जेमतेम सव्वापाच मिलिमीटर असल्याने, बाकी सारे अचूक करूनही दहाचे नऊ होतात. दहा मीटरच्या एअर रायफलीत छऱ्याची पड पावणेदोन सेंटिमीटरच्या आसपास असते, त्यामुळे तोच पाच अंशांचा कल दीड मिलिमीटरची चूक घडवतो. परंतु तेथे पाव मिलिमीटरला गुणाचा दहावा भाग मोजला जात असल्यामुळे ही चूकही अर्ध्या गुणापेक्षा अधिक किंमत वसूल करते.

अंतर कमी असेल तर हा दोष दडून राहतो. पड ही वेळेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणून अंतर निम्मे केले की ती जवळपास चौथाईवर येते. एनसीसीचे छात्र .२२ रायफलीने २५ मीटरसारख्या छोट्या अंतरावर नेमबाजीचे पहिले धडे गिरवतात. तेथे पाच अंशांच्या कलाने गोळी अडीच-तीन मिलिमीटरच सरकते, आणि शिकाऊ हाताच्या थरथरीत ती चूक सहज बुडून जाते. परभणीच्या एखाद्या महाविद्यालयातील छात्राला त्याची रायफल तिरकी आहे हे कोणी सांगितले नाही, तर कागदावरची भोकेही ते सांगणार नाहीत. अशी लागलेली सवय पुढे ५० मीटरवर गेल्यावर भोवते, आणि तेव्हा तिचे मूळ शोधणे अवघड झालेले असते. अंजली भागवत यांच्यासारख्या जागतिक दर्जाच्या नेमबाजाची सुरुवातही एनसीसीतूनच झाली होती, हे पाहता या पहिल्या धड्यांत पाणपातळीला स्थान असायला हवे, असे म्हणणे वावगे ठरू नये.

दुर्बिणीचा प्रश्न याहून थोडा निराळा आहे. ऑलिंपिक रायफल प्रकारांत दुर्बिणीला परवानगी नसते. तेथे मागे बारीक छिद्राची चकती आणि पुढे वर्तुळाकार कडी असलेल्या नळीतून नेम धरला जातो. दुर्बीण असते ती सैन्य आणि पोलीस दलांच्या दूर पल्ल्याच्या रायफलींवर, आणि नागरिकांकडे असलीच तर बहुधा परवान्याविना मिळणाऱ्या ४.५ मिलिमीटर बोअरच्या एअर रायफलीवर. दूर पल्ल्याच्या नेमबाजीत अंतर सतत बदलत असल्यामुळे दुर्बिणीवरील फिरत्या टोपीने, म्हणजे टरेटने, प्रत्येक अंतरासाठी निराळी चढ द्यावी लागते, आणि दुर्बिणीचा कल नेमका येथे घात करतो. जळगाव जिल्ह्यातील वरणगावच्या आयुध निर्माणीत ज्या ७.६२ मिलिमीटर मापाची काडतुसे तयार होतात, त्या मापाच्या रायफलीचा नेम १०० मीटरवर पक्का करून तीच रायफल ६०० मीटरवर वापरायची झाल्यास लक्ष्यावर मोजता सुमारे अडीच मीटरची चढ द्यावी लागते. रेटिकलची उभी रेषा तीन अंशांनी कललेली असेल तर ही चढ त्या कललेल्या रेषेवरूनच दिली जाते आणि गोळी सुमारे १३ सेंटिमीटर बाजूला पडते. शंभर मीटरवर सारे बिनचूक, सहाशेवर कायम एकाच बाजूला चूक, आणि तिचे खापर वाऱ्यावर: कललेल्या दुर्बिणीची ही ठरलेली लक्षणे आहेत.

येथे एक सूक्ष्म भेद करावा लागतो, आणि दुर्बीण बसवणारे पुष्कळ जण तोच करत नाहीत. रायफल आणि दुर्बीण दोन्ही मिळून कलणे ही एक गोष्ट, आणि दुर्बीण आपल्या कड्यांमध्ये फिरून रायफलीशी तिरकी बसणे ही दुसरी. समजा दुसरा प्रकार घडला आहे, परंतु नेमबाज गोळी झाडताना रेटिकलची उभी रेषा ओळंब्यात धरतो, म्हणजे दुर्बीण सरळ आणि तिच्याखालची रायफल तीन अंशांनी कललेली आहे. दुर्बिणीचा मध्य नळीच्या मध्यापासून पाच सेंटिमीटर उंच असेल तर नळी दुर्बिणीच्या उभ्या प्रतलापासून केवळ २.६ मिलिमीटर बाजूला जाते. शंभर मीटरवर नेम जुळवल्यानंतर ६०० मीटरवर यातून होणारी चूक १३ मिलिमीटरची, म्हणजे एखाद्या बटणाएवढी, असते. कोन तोच, अंतर तेच, पण चूक दहापटीने कमी. यातून निघणारा निष्कर्ष पुष्कळांना उलटा वाटतो: रायफल ओळंब्यात असण्याला फारसे महत्त्व नाही, रेटिकल ओळंब्यात असण्याला सारे महत्त्व आहे. दुकानात किंवा घरच्या टेबलावर रायफलीच्या सपाट भागावर एक पाणपातळी आणि टरेटच्या टोपीवर दुसरी ठेवून दोन्ही बुडबुडे जुळवण्याची रीत लोकप्रिय असली, तरी ती रायफल आणि टोपी यांचे नाते जुळवते. काचेतील रेषेचे गुरुत्वाकर्षणाशी असलेले नाते ती तपासतच नाही. टोपीचा माथा आणि आतली रेषा काटकोनात आहेत याची हमी प्रत्येक कारखाना देत नाही, आणि स्वस्त दुर्बिणींत अंशभराचा फरक आढळणे नवलाचे नसते.

आता भासणाऱ्या कलाकडे वळता येते. माणसाला उभे-आडवे कळते ते एकट्या डोळ्यांनी नव्हे. कानाच्या आतल्या भागात गुरुत्वाकर्षण ओळखणारी इंद्रिये असतात, ज्यांमधील सूक्ष्म खडे डोके कलले की सरकतात. मानेच्या स्नायूंकडूनही मेंदूला कलाची वार्ता पोहोचते, आणि या सर्व साक्षी जुळवून मेंदू कोणती रेषा उभी आहे याचा निवाडा करतो. ताठ बसलेल्या निरोगी माणसाचा हा निवाडा अंधारातही साधारण दोन-अडीच अंशांच्या आत अचूक असतो. परंतु नेमबाज ताठ बसलेला नसतो: त्याचा गाल रायफलीच्या दस्त्यावर टेकलेला, मान वाकलेली आणि डोके एका बाजूला झुकलेले असते. डोके कलले की डोळे आपल्या खोबणीत उलट दिशेला किंचित फिरतात. मात्र हे फिरणे डोक्याच्या कलाचा लहानसा अंशच भरून काढते आणि उरलेला हिशेब मेंदूला अंदाजाने करावा लागतो. डोके बरेच कलल्यास उभी रेषा उलट बाजूला झुकल्यासारखी भासते, हे हेरमान ऑबर्ट या जर्मन शास्त्रज्ञाने १८६१ मध्येच नोंदवले होते. याच्या जोडीला चष्म्यात तिरक्या अक्षाचा सिलिंडर नंबर असेल तर काच स्वतःच उभ्या रेषा थोड्या फिरवून दाखवते. म्हणून एकाने काळजीपूर्वक बसवलेली दुर्बीण दुसऱ्याने खांद्याला लावताच ‘ही वाकडी आहे’ असे तो म्हणतो. दोघेही खरे बोलत असतात, कारण दोघांचे गाल, माना आणि चष्मे वेगळे असतात.

भासाचा दुसरा उगम पार्श्वभूमीत असतो. अमेरिकेत १९४८ मध्ये विटकिन आणि ॲश यांनी केलेल्या प्रयोगांत अंधाऱ्या खोलीत तिरकी चौकट आणि तिच्या आत एक दांडी दाखवून ती उभी करायला सांगितले असता, पुष्कळ जणांनी दांडी चौकटीच्या बाजूला झुकवून ठेवली. मोकळ्या रानात हे चौकटीचे काम भूप्रदेश करतो. परभणी, मानवत, पाथरी या बाजूंना गोदावरीच्या खोऱ्यातील जमीन बहुतांशी सपाट असल्याने क्षितिज ही बऱ्यापैकी विश्वासार्ह आडवी रेषा ठरते. जिंतूर तालुक्यातील डोंगराळ भागात मात्र उतारालाच डोळा सपाटी मानू लागतो आणि हात नकळत रायफल त्या उताराला काटकोनात धरू पाहतो. उभ्या रेषेसाठी विजेचा खांब किंवा भिंतीची कड पाहण्याचा मोह परभणी जिल्ह्यात तर आवर्जून टाळावा असा आहे. येथील काळी माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून तिला खोल भेगा पडतात. तिच्यात रोवलेले खांब आणि उथळ पायाच्या भिंती वर्षानुवर्षांच्या या उलाढालीत ओळंब्यातून सुटतात. कललेल्या खांबाशी रेटिकल जुळवणारा नेमबाज खांबाचा दोष दुर्बिणीत उतरवून घेतो.

उरतो तो ओळंबाच. तोही निरपवाद सरळ लोंबत नाही, हे एकोणिसाव्या शतकात भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणातून उघड झाले होते: हिमालयाच्या वस्तुमानाच्या ओढीमुळे उत्तर भारतात तो काही विकलांनी हलतो, हा प्रश्न जॉन प्रॅट यांनी १८५५ मध्ये मांडला. एका अंशात ३६०० विकला असतात हे लक्षात घेतले तर नेमबाजाने याची चिंता करण्याचे कारण नाही. त्याचा खरा शत्रू वारा असतो, आणि त्यावर गवंड्यांचा जुना तोडगा आहे, तो म्हणजे ओळंब्याचे वजन पाण्याने भरलेल्या बादलीत सोडणे, ज्यामुळे दोरीचे झुलणे लवकर थांबते. परभणीच्या उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर जातो आणि जमिनीलगतची तापलेली हवा दुर्बिणीतून पाहिलेली दोरी लाटेसारखी हलवते, त्यामुळे हे काम सकाळी उरकणे शहाणपणाचे.

कामाची सुरुवात रायफल रिकामी असल्याची खात्री करून आणि शक्य असल्यास तिचा बोल्ट काढून ठेवून करावी लागते. या पायरीला कोणताही अपवाद नाही. त्यानंतर रायफल पकडीत घट्ट बसवून, दुर्बिणीच्या कड्यांचे स्क्रू दुर्बीण हाताने फिरेल इतपत सैल ठेवले जातात. समोर पंधरा-वीस मीटरवर उजळ रंगाच्या दोरीचा ओळंबा सोडून रेटिकलची उभी रेषा त्या दोरीवर तंतोतंत बसेपर्यंत दुर्बीण फिरवली जाते. दुर्बिणीचा तळ आणि रायफलीवरील पट्टी दोन्ही सपाट असतील तर त्यांच्यामधील फटीत फीलर गेजची पाती, म्हणजे मोटारसायकलीचे टॅपेट लावताना मेकॅनिक वापरतो त्याच ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्या, सरकवून प्राथमिक जुळणी करता येते. अंतिम साक्ष मात्र दोरीची. अंधाऱ्या खोलीत दुर्बिणीत विजेरीचा झोत सोडून रेटिकलची सावली भिंतीवर पाडणे आणि ती भिंतीवर लटकवलेल्या ओळंब्याशी ताडून पाहणे हीही एक चांगली युक्ती आहे, कारण तिच्यात डोके कलवून काचेत डोकावण्याचा प्रसंगच येत नाही.

खरी कसोटी स्क्रू आवळताना लागते. एका बाजूचा स्क्रू पूर्ण आवळला की कडीचा वरचा भाग दुर्बिणीच्या नळीला आपल्याबरोबर ओढतो आणि जुळवलेली रेषा अंश-दीड अंश फिरते. म्हणून चारही स्क्रू आळीपाळीने, थोडे थोडे आवळायचे आणि प्रत्येक फेरीनंतर दोरीकडे पाहायचे, असा रिवाज आहे. घाई करणाऱ्याचे सारे श्रम याच ठिकाणी वाया जातात. शेवटी टरेट फिरवून पाहावे: रेटिकलचा मध्य दोरीवरूनच वर-खाली सरकत असेल तर रेषा आणि यंत्रणा दोन्ही सुतात आहेत, रेषा दोरीवर असूनही मध्य बाजूला निसटत असेल तर दोष दुर्बिणीच्या आतला आहे आणि कितीही फिरवाफिरव करून तो जाणार नाही.

एवढे झाल्यावरही रायफल खांद्याला लावताच रेटिकल तिरके भासू शकते, आणि येथे दुरुस्ती कोणत्या गोष्टीची करायची हा प्रश्न येतो. पहिला उपाय शरीर आणि रायफल यांची जुळणी हा होय. डोळे मिटून रायफल सहजपणे खांद्यात घ्यावी, गाल टेकवावा आणि मग डोळे उघडून पाणपातळीकडे पाहावे. रायफल दर वेळी एकाच बाजूला कललेली आढळली तर दस्त्याच्या मागची बट प्लेट फिरवून किंवा सरकवून आणि गालपट्टीची उंची बदलून डोके शक्य तितके ताठ राहील अशी सोय करावी. डोके ताठ झाले की भासही बहुतांशी ओसरतो. ज्या रायफलीत अशी सोय नसते, तेथे दुसरा उपाय उरतो: रायफल शरीराला रुचते तशी किंचित कललेलीच राहू द्यावी आणि दुर्बीण कड्यांमध्ये फिरवून त्या कललेल्या अवस्थेतच रेटिकल ओळंब्यात आणावे. बटणाएवढ्या चुकीचा वर दिलेला हिशेब याला पूर्ण मुभा देतो, तरीही बाहेरून वाकडी दिसणारी दुर्बीण अनेकांना सहन होत नाही आणि ते मान वाकडी करणे पसंत करतात.

तिसरा आणि कायमचा उपाय म्हणजे दुर्बिणीच्या नळीवर बसणारी छोटी पाणपातळी. ती रेटिकल ओळंब्याशी जुळलेले असतानाच बसवावी आणि नेम न धरणाऱ्या डोळ्याला डोके न हलवता दिसेल अशा जागी असावी. अशी साधने स्वतःच चुकीची निघू शकतात; मोठ्या पाणपातळीची परीक्षा गवंडी ती उलटसुलट ठेवून करतो, कारण दोन्ही वेळा बुडबुडा साधनाच्या एकाच टोकाकडे गेला तर जमीन नव्हे, साधनच खोटे असते. नळीवर पक्क्या केलेल्या पातळीची परीक्षा ओळंब्याशीच होते. पहिले काही दिवस बुडबुडा मध्यावर असताना नेमबाजाला रेटिकल वाकडे वाटत राहते. सरावाने मेंदू आपला निवाडा बराचसा बदलतो, पण डोळा आणि बुडबुडा यांत मतभेद झाला तर बुडबुड्याचे ऐकावे लागते.

स्पर्धात्मक नेमबाजीत मात्र याच नियमांतून एक वेगळी सूट निघते. अंतर ५० मीटरचे आणि न बदलणारे असल्याने तेथे चढ बदलण्याचा प्रश्न नसतो, त्यामुळे कल कायम एकसारखा राहिला तर त्याची बाजूची चूक साईटच्या, म्हणजे छिद्र-कडीच्या नेमसाधनाच्या, एकाच दुरुस्तीत कायमची जिरवता येते. जगातील पुष्कळ नामांकित रायफल नेमबाज रायफल जाणूनबुजून चेहऱ्याकडे कलवतात, कारण त्यामुळे मान सरळ राहते. कल पाच अंशांचा की दहा याला तेथे महत्त्व नसते; तो एका स्थितीतल्या पहिल्या आणि शेवटच्या गोळीला सारखाच हवा, आणि पुढच्या नळीत बसणारी बारीक पाणपातळी किंवा कडीतील आडवी पट्टी त्यासाठीच असते. थ्री पोझिशन्समध्ये नेमबाज गुडघ्यावर बसून, मग पालथे पडून आणि शेवटी उभे राहून नेम धरतो. तिन्ही स्थितींत रायफल शरीराला वेगळी भिडते, कल बदलतो आणि त्यानुसार साईटची मांडणीही बदलावी लागते. कललेल्या रायफलीवर साईटची कळही, म्हणजे तिच्या दुरुस्तीचा एकेक टप्पाही, कललेल्या दिशेनेच काम करते: दहा अंशांच्या कलात वाऱ्यासाठी बाजूला सहा कळा दिल्या तर गोळी सुमारे एका कळेइतकी वर किंवा खाली सरकते, आणि ती एक कळ परत फिरवण्याचे भान नेमबाजाला वारा वाहत असतानाच ठेवावे लागते.